मंदाआत्याचा दलिया

मंदाआत्याची नक्कल करायची तर आधी आजोबांची यायला हवी. हनुवटी वर, एक भुवई त्याहून वर, आणि घशातून: "तिला काय विचारता? मला विचारा!"

हे वाक्य मूळ आजोबांचं, म्हणजे संभाजीरावांचं. बेचाळीस वर्षांपूर्वी मंदाआत्या हॉकीच्या राज्य संघात निवडली गेली. तिला शिबिराला न्यायला कोच शिंद्यांच्या शहरातल्या, हरिशंकरपुरमच्या आमच्या घरी आले, तेव्हा आजोबांनी हेच म्हटलं आणि वर जोडलं, "नहीं जाएगी. फैसला हो गया." आत्याची स्टिक माळ्यावर गेली. आत्या बी.एड. होऊन शाळेत हिंदी शिकवत राहिली.

आता आत्या साठीची, आजोबा चौऱ्याऐंशीचे, आणि त्यांचं सगळं आत्याच्या हाती. डॉक्टर विचारतात, "बाबूजी, तकलीफ क्या है?" आत्याची भुवई वर जाते. "उनसे क्या पूछते हैं? मुझसे पूछिए." फूलबागेत फिरायला जायचं की नाही, स्वेटर कुठला, टीव्ही किती वाजता बंद, सगळं आत्या ठरवते. तेही अगदी गोड आवाजात, मेथीचे लाडू वळावेत तसं.

परवा रविवारी शेजारचे रघुनाथराव आले. आत्याने गरम बेडई तळली होती. डाळ भरलेल्या त्या तिखट पुरीवर आजोबांचा भारी जीव. माझ्या ताईला, स्मृतीला, कॉलेजची निवड दुसऱ्या दिवशीपर्यंत भरायची होती आणि तिला जबलपूरला जनावरांचं डॉक्टर व्हायचं होतं. आमचे बाबा आजोबांपुढे नुसती मान हलवतात.

"स्मृतीबेटा, मग काय ठरवलंस?" रघुनाथरावांनी विचारलं.

"तिला काय विचारता? मला विचारा!" आजोबा म्हणाले. "बी.एड. करेल."

आत्याने रघुनाथरावांपुढे बेडई ठेवली आणि आजोबांपुढे वाटीभर दलिया, गव्हाची फिकी लापशी.

"मंदाताई, अहो, त्यांना विचारा तरी!" रघुनाथराव म्हणाले.

"त्यांना काय विचारता?" आत्या म्हणाली. "मला विचारा. दलिया खातील."

मी हसू दाबायला उशी तोंडात कोंबली. आजोबांनी वाटीकडे पाहिलं, मग माळ्याकडे.

"मंदा, किती दिवस चालणार हे?"

"बेचाळीस वर्षं कुठे झालीत अजून?"

रघुनाथराव कुरकुर आवाज करत बेडई खात राहिले. शेवटी आजोबा खाकरले.

"स्मृती, तूच सांग. काय करायचंय?"

"जनावरांची डॉक्टर, आजोबा. जबलपूरला."

"म्हशींच्या मागे फिरणार? शिंद्यांच्या फौजेत घोडेस्वार होते आमचे आजे-पणजे!"

"घोड्यांना पण डॉक्टर लागतो," ताई म्हणाली.

आजोबांनी तोंड उघडलं. आत्याने दलियाची वाटी आणखी पुढे सरकवली. त्यांनी तोंड मिटलं.

"भर," ते म्हणाले. "तुला हवं ते भर."

ताईने तिथल्या तिथे मोबाइलवर भरलं. ते झाल्यावरच आत्याने आजोबांच्या ताटात एक बेडई ठेवली. एकच. ती चिमटीत धरून आजोबा हळूच म्हणाले, "आणि चटणी?"

आत्याची भुवई वर गेली.

"चटणीचं मी ठरवेन."