गाऱ्हाण्यातली नावं

श्रीपतीभाऊंच्या घरी पाच दिवसांचा गणपती. चार वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी सुनेत्राबाई गेल्या, पण मोदकांची उकड चुकली नाही. भाऊंनी ती स्वतः काढायला शिकून घेतली. पहिल्या वर्षी मोदक फुटले, दुसऱ्या वर्षीचे फुटके कलमं राखणाऱ्या बाबल्याच्या पानात गेले, आणि तिसऱ्या वर्षी शेजारच्या बायका भाऊंच्या मोदकांच्या पाकळ्या मोजायला आल्या.

तीस वर्षं शाळेच्या कचेरीत हेडक्लार्क असलेला माणूस. नाचणे गावाच्या पुढे जांभ्याचं चार खोल्यांचं नीटनेटकं घर, मागे हापूसची चाळीस कलमं. रोज दिवेलागणीला कलमांच्या शेवटाला, किंजळाच्या झाडाखालच्या जागेवाल्यापुढे उभं राहून मोठ्यानं गाऱ्हाणं घालायचं, हा त्यांचा नेम. जागेवाला म्हणजे त्या जमिनीचा राखणदार. तिथे मूर्तीबिर्ती काही नाही, एक दगड. त्याला रोज सांगायचं, घरात कोण कोण आहे, कोणाला सांभाळायचं. त्यात वडिलांनी घालून दिलेला एक नियम होता: गाऱ्हाण्यात एकदा घेतलेलं नाव माणूस गेला म्हणून गाळायचं नाही. "नाव गाळलंस की त्याला वाटतं, घर रिकामं व्हायला लागलं," वडील म्हणायचे.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी शार्दूल, सूनबाई मनस्विनी आणि आठ वर्षांची सावनी पुण्याहून आले. बॅगांच्या आधी खोकी उतरली.

"बाबा, हे सगळं तुमच्यासाठी!"

एक घड्याळ, माणूस पडला तर ओळखणारं. एक वाटोळा डबा, विचारलं की बोलणारा. आणि चार कॅमेरे, माणसाबरोबर मान वळवणारे, बोलणंसुद्धा टिपणारे.

बाबल्या गणपतीच्या वर टांगलेल्या मंडपीला कवंडळाची रानफळं बांधत होता. भाऊंच्याच वयाचा, पंचवीस वर्षं त्यांची कलमं राखलेली. तो शिडीवरून म्हणाला, "भाऊ, आता चोर आला तर पुण्यात दिसंल. मग शार्दूल तिकडनं हाड हाड करंल काय?"

सगळे हसले. शार्दूलही हसला. "चोरासाठी नाही, बाबल्याकाका. बाबांसाठी आहेत."

चौथा कॅमेरा त्यानं थेट किंजळाच्या खोडावर चढवला.

"इथे कशाला रे? इथे कोण येतंय?" भाऊंनी विचारलं.

"तुम्ही येता ना रोज."

लेकानं हौसेनं आणलंय, म्हणून भाऊ गप्प बसले. चतुर्थीच्या संध्याकाळी ते गाऱ्हाण्याला उभे राहिले, तेव्हा डोक्यावर बारीकसा आवाज झाला. कॅमेऱ्यानं मान खाली वाकवली होती. सावनी आजोबांचं बोट धरून होती आणि प्रत्येक वाक्याला "होय महाराजा!" असं खणखणीत ओरडत होती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा निघाली, तर मनस्विनीनं तिला उंबऱ्यावरच अडवलं.

"नको गं, तिकडे डास आहेत."

डास कालही होते, भाऊंच्या मनात आलं. पण घरात ऋषीची भाजी शिजत होती, पाहुणे होते. ते एकटेच गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ परसात नारळ सोलायला बसले. जमिनीत रोवलेली पहार, तिच्यावर दोन्ही हातांनी नारळ आपटायचा आणि पिळायचा. मनगटावरचं घड्याळ थरथरलं. त्यावर अक्षरं आली: तुम्ही पडलात का? भाऊंचे हात सोललेल्या सोडणांच्या काथ्यात अडकलेले. ते म्हणाले, "नाही रे बाबा," आणि पुढचा नारळ आपटला. घड्याळाला तोंडी उत्तर चालत नव्हतं; बटण दाबलं नाही, की ते शार्दूलच्या फोनला कळवायचं. थोड्या वेळानं बाजारात फुलं घ्यायला गेलेला शार्दूल रिक्षा करून धापा टाकत परत आला. त्याच्या मागोमाग बाबल्या.

"बाबा! तीनदा पडलात?"

"अरे, नारळ सोलतोय!"

बाबल्या पोट धरून हसला. "भाऊ, घड्याळाला सांगा, पडलो तर नारळासकट पडंन!"

शार्दूल हसला नाही. त्यानं भाऊंचे गुडघे चाचपले, कोपरं पाहिली, आणि खाली मान घालून फोनमध्ये काहीतरी लिहून ठेवलं.

दुपारी जेवणानंतर भाऊ माजघरात आडवे झाले होते. पडवीतून त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. "बा जागेवाल्या महाराजा, माझ्या सुनेत्राला सांभाळ, शार्दूलला सांभाळ…" आवाज मधेच तुटला. कॅमेऱ्यानं टिपलेलं गाऱ्हाणं शार्दूल फोनवर कुणा डॉक्टरांना ऐकवत होता.

"रोज?" फोनमधून प्रश्न आला.

"रोज. आई असल्यासारखंच."

"आणि पडणं?"

"आज तासाभरात तीनदा. विचारलं तर म्हणतात, नारळ सोलत होतो."

"असंच सांगतात. त्यांना खरंच आठवत नसतं. एकटं ठेवू नका आता. दिवाळीच्या आत हलवा, घर बंद करा. आणि हे व्हिडिओ जपून ठेवा, तपासणीला लागतील."

फोन बंद झाला. शार्दूल नाक ओढत होता. पोर रडत होतं, हे भाऊंना सगळ्यात वाईट वाटलं. लबाडी असती तर भांडता आलं असतं.

ते उठून पडवीत आले. "शार्दूल, अरे ते गाऱ्हाणं आहे. तुझे आजोबा घालायचे. गेलेल्यांची नावं त्यात राहतात. सुनेत्रा गेली ते मला ठाऊक नाही का?"

"हो, बाबा," शार्दूल म्हणाला. सावनीला ताप चढला की ज्या आवाजात तो तिच्याशी बोलायचा, तोच आवाज. "पाणी देऊ का तुम्हाला?"

पाचव्या दिवशी विसर्जनाआधीचं गाऱ्हाणं. घरचे, शेजारचे हात जोडून उभे. भिंतीवरचा कॅमेरा भाऊंकडे तोंड करून. भाऊंनी सुरुवात केली, "बा गणराया, चुकलंमाकलं पोटात घाल," आणि सगळे म्हणाले, "होय महाराजा!" मग नावं आली. भाऊंनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वडिलांचा नियम मोडला.

"शार्दूलला सांभाळ, मनस्विनीला सांभाळ, सावनीला सांभाळ…"

"भाऊ," बाबल्यानं हळूच आठवण केली, "वयनी ऱ्हायल्या."

भाऊंनी ऐकलं नसल्यासारखं केलं. पण त्यांना दिसलं, शार्दूलनं मनस्विनीकडे पाहिलं, आणि ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, "आज तर नावच विसरले."

मूर्ती पाण्यात गेली. घरी येऊन रिकाम्या पाटावर दिवा ठेवला गेला. दिवेलागण झाली तसे भाऊ किंजळाकडे निघाले. न जावं, तर पन्नास वर्षांचा नेम मोडतो. जाऊन बोलावं, तर घर जातं. त्यांनी मधला मार्ग काढला: जायचं, पण तोंड उघडायचं नाही. नावं मनातल्या मनात घ्यायची. सुनेत्राचं सगळ्यात आधी.

ते हात जोडून उभे राहिले. ओठसुद्धा हलू दिले नाहीत. डोक्यावर तो बारीक आवाज झाला आणि कॅमेऱ्यानं मान वाकवली. रातकिडे एकाएकी थांबले. आज जागेवाल्याला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. दगडापुढचा काळोख कान देऊन बसल्यासारखा वाटला. भाऊंनी नावं पुन्हा पहिल्यापासून घेतली.

पडवीत फोन वाजला. शार्दूलचा आवाज कलमांमधून स्पष्ट आला. "मनू, हे बघ. अकरा मिनिटं एका जागी उभे. काही हालचाल नाही, बोलणं नाही. इतक्या लवकर वाढेल असं नव्हतं वाटलं मला."

मग टॉर्चचा उजेड झाडांतून हलत आला. शार्दूलनं त्यांच्या कोपराला धरलं, अलगद. "चला, बाबा. इथे कसे आलात, आठवतंय का?"

भाऊंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. वर पाहिलं. कॅमेऱ्याचा हिरवा ठिपका त्यांच्यावरच होता. त्यांनी तोंड मिटलं आणि लेकाच्या हाताला धरून ते घराकडे चालू लागले.