विषय : गोलकीपर विकणेबाबत

फुटबॉलचा सामना चेंडूकडे एकदाही न बघता कसा पाहावा, ही विद्या अख्ख्या पुण्यात एकट्या आमच्या थोरल्या साडूंना अवगत आहे. थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. सहकार खात्यात लेखापरीक्षक होते. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ते खातं काही अजून त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. मंडईच्या मागे राहतात आणि रोज सकाळी मंडईत जातात. पण मेथीची जुडी हातात घेण्याआधी गाळा कुणाच्या नावावर आहे, पोटभाडेकरू ठेवलाय का, हे विचारून घेतात. एकदा एक भाजीवाली वैतागून म्हणाली, "काका, तुम्हाला मेथी पाहिजे का गाळा?" साडू शांतपणे म्हणाले, "मेथीच. पण कुणाची ते कळायला नको?" कुठलीही गोष्ट नेमकी कुणाची आहे हे कळल्याशिवाय त्यांना ती गोड लागत नाही, आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या दुःखाचं मूळ तिथेच आहे.

मध्यंतरी काही वर्षं पुण्याचा म्हणून एक व्यावसायिक फुटबॉल क्लब होता. हडपसरच्या पुढे एका मैदानावर त्याचे सामने व्हायचे. साडू ह्या क्लबाच्या प्रेमात कसे पडले, हे मला आजतागायत उमगलेलं नाही. जन्मात त्यांनी फुटबॉलला पाय लावला नव्हता. विचारलं तर म्हणाले, "क्रिकेटला सगळा देश आहे. ह्यांना कोण आहे?" हे त्यांनी इतक्या रागाने विचारलं की मीच त्या अकरा जणांना वाऱ्यावर सोडलंय असं मला वाटायला लागलं. म्हणून पुढच्याच सामन्याला मी त्यांच्याबरोबर गेलो. खेळ सुरू झाला आणि साडू पायरीवर चक्क आडवे फिरून बसले. समोरच्या कोपऱ्यात एक छोटा मांडव होता, त्यात पांढरा टॉवेल घातलेला सोफा, आणि सोफ्यावर पांढऱ्या सफारीतले एक गृहस्थ. साडूंनी पिशवीतून दुर्बीण काढली आणि त्या गृहस्थांवर रोखली. "ते मालक," असं त्यांनी मला हळूच सांगितलं.

थोड्या वेळाने आपल्या क्लबाचा गोल झाला. सगळी माणसं उठून नाचायला लागली. साडूंनी माझा दंड धरला. "पाहिलंत?"

"हो! काय सुंदर मारला!"

"अहो, मारला काय घेऊन बसलात! चारच टाळ्या वाजवल्या त्याने. मागच्या गोलाला उभा राहिला होता. माणूस अडचणीत आहे."

पुढे मला ह्या अभ्यासाची खोली कळत गेली. पाहुण्यांना पूर्वी सामोसा मिळायचा, आता वेफर आले, म्हणजे भांडवल आटलं. क्लबाच्या बसची टायरं ते सामन्याआधी वाकून पाहत. खेळाडूंचे सदरे दुसऱ्या धुण्यातच विटले, ह्यावरून त्यांनी पुढच्या वर्षीचा सगळा ताळेबंद मला बसमध्ये तोंडी सांगितला होता. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीत तर त्यांचं लक्ष मुलीचं लग्न ठरवणाऱ्या बापासारखं. नवा खेळाडू आला की आधीच्यांनी ह्याला का सोडला, कारण लेखी आहे का, ही चौकशी सुरू. एकदा एका नव्या परदेशी खेळाडूला त्यांनी बसजवळ गाठलं आणि कोरा कागद पुढे करून इंग्रजीत आधीच्या क्लबाचं ना हरकत प्रमाणपत्र मागितलं. त्या भल्या माणसाला वाटलं, सही मागतायत. त्याने हसून झोकदार सही ठोकली. साडूंनी तो कागद 'ना हरकत' म्हणून फायलीला लावला.

त्यांचे जोडीदार शफीभाई. भवानी पेठेत त्यांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान आहे. तरुणपणी ते स्वतः बॅकला खेळायचे आणि डावा गुडघा त्यांनी मैदानालाच वाहिलाय. शफीभाई चेंडूशिवाय दुसरं काही बघत नाहीत, त्यामुळे दोघांचं फार उत्तम जमे. सामना संपला की साडू विचारत, "आपण जिंकलो ना हो?" आणि शफीभाई विचारत, "मालक काय म्हणतो, साहेब?" दोघं मिळून एक सामना पूर्ण पाहत. मी दोन्हीकडे बघायचा प्रयत्न करी आणि मला काहीच दिसत नसे.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी सहाला, मंडईजवळच्या अमृततुल्यात समर्थकांची सर्वसाधारण सभा भरे. ही अर्थात साडूंनीच भरवलेली. सभासद चार : साडू, शफीभाई, मी आणि साडूंची आयटीत नोकरी करणारी पुतणी. गणपूर्ती मात्र पाचाची. त्यामुळे प्रत्येक सभा गणपूर्तीअभावी तहकूब व्हायची आणि नियमाप्रमाणे अर्ध्या तासाने त्याच जागी, गणपूर्तीची गरज नसलेली अशी पुन्हा भरायची. तो अर्धा तास आम्ही चौघं समोरासमोर गप्प बसून राहत असू, कारण सभा सुरू नसताना विषयावर बोलणं नियमबाह्य. "मग गणपूर्ती चाराची करा ना!" असं मी एकदा म्हणालो. साडू म्हणाले, "त्यासाठी घटनादुरुस्ती लागेल, आणि तिला पाच जण लागतात."

सभेचा पहिला विषय नेहमी ठरलेला : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ते साडू स्वतः वाचत, स्वतःच कायम करत. मग मालकी हा विषय निघे आणि माझ्या डोक्याचं भजं व्हायला सुरुवात होई. पुतणी मोबाइलकडे बघत सांगे, "काका, ॲक्च्युअली क्लब एका कंपनीचा आहे, त्या कंपनीत दुसऱ्या कंपनीचा स्टेक आहे, आणि ती दुसरी म्हणे आता तिसरीत मर्ज होतेय. इट्स कॉम्प्लिकेटेड."

"पण मालक तर तो सफारीवाला," मी म्हणे.

"तो चेहरा झाला," साडू म्हणत. "हात कुणाचे ते शोधायचंय."

"मैदान कुणाचं?"

"भाड्याचं."

"खेळाडू?"

"कराराचे. वर्ष संपलं की ज्याचे ते."

"मग क्लब विकणार, क्लब विकणार म्हणतात, तो नेमका विकणार काय?" मी विचारलं. शफीभाईंनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "नाव विकतील, साहेब. नावाला तर कुलूपही लावता येत नाही." पुतणीने नाव रजिस्टर्ड आहे का ते शोधलं. ते आहेही आणि नाहीही असं काहीतरी निघालं. त्या दिवशी आम्ही सगळे जास्तच गोंधळून घरी गेलो.

प्रत्येक सभेनंतर साडू स्वच्छ अक्षरात मालकांना पत्र लिहीत. 'प्रति, मा. मालक' असा मायना, खाली विषय, ठराव, सूचक, अनुमोदक. क्लबाच्या कचेरीचा पत्ता दर हंगामाला बदलायचा, म्हणून ते पत्र सरळ मैदानाच्या पत्त्यावर टाकत. अशी कितीतरी पत्रं गेली. एकाचीही पोच आली नाही. साडू दर वेळी म्हणत, "विचाराधीन असेल."

मग पेपरात बातमी आली की क्लब तोट्यात आहे आणि पुण्यातून हलवायचा किंवा बंदच करायचा विचार चालू आहे. साडूंनी तातडीची सभा बोलावली. रीतसर तहकूब केली. अर्ध्या तासाने उभे राहिले. म्हणाले, "क्लब पुण्यात राहायचा असेल तर एकच मार्ग आहे. गोलकीपर विकावा."

गोलकीपर म्हणजे क्लबाचा जीव. लोणी काळभोरचा गडी, तिशी उलटलेला, हाताचे पंजे सुपाएवढे. साडूंनी अख्ख्या संघात चेहऱ्याने ओळखलेला हा एकच खेळाडू, कारण तो एका जागी उभा राहायचा.

शफीभाई ताडकन म्हणाले, "साहेब, दार विकून घर वाचवता का?"

"घरच गेलं तर दार कुठे लावाल?"

"माझा विरोध लिहा."

"लिहितो."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला दोघांचंही पटलं होतं. अशा वेळी माझी मान आपोआप हलते. साडूंनी ते अनुमोदन धरलं आणि पत्र गेलं.

चौथ्याच दिवशी पेपरात आलं : गोलकीपर क्लब सोडून दुसऱ्या शहरातल्या क्लबाकडे चालला.

त्या संध्याकाळी मेहुणीबाईंचा फोन आला. "अहो, ह्यांचं काहीतरी बिनसलंय. दोन घास खाऊन उठले. सारखं म्हणतायत, कार्यवाही झाली, कार्यवाही झाली." मी गेलो तर साडू पत्राची स्थळप्रत, म्हणजे फायलीसाठी ठेवलेली नक्कल, मांडीवर घेऊन बसले होते. नोकरीत आणि नोकरीनंतर त्यांनी आयुष्यभर शेरे मारले, शिफारशी केल्या. कुणी कधी ढुंकून पाहिलं नाही. त्या सवयीने ते निर्धास्त लिहीत आले होते. आपण लिहिलेलं कुणी खरंच अमलात आणेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. "बायकामुलं सोडून कुठे जाणार हो तो?" ते म्हणाले. "मी घालवला त्याला." मी समजूत घालायला गेलो की हा निव्वळ योगायोग असेल. ते म्हणाले, "तुम्हाला हात झटकणं सोपं आहे. तुम्ही अनुमोदक." ते मला लागलं, कारण ते खरं होतं.

रविवारी आम्ही तिघं बसने लोणी काळभोरला गेलो, माफी मागायला. गोलकीपर गोठ्यात म्हैस धूत होता. आम्हाला बघून हात पुसत आला. "या की, बसा. च्या टाकायला सांगतो." साडू बसले नाहीत. त्यांनी उभ्या उभ्याच स्थळप्रत काढली आणि म्हणाले, "आपल्याला विकण्याच्या ठरावाचा सूचक मी. हे अनुमोदक. ह्यांचा मात्र विरोध होता." शफीभाईंनी मान झुकवली. मी नुसते हात जोडले.

गोलकीपर एवढ्या मोठ्याने हसला की म्हैस बिचकली. "म्हंजी ती पत्रं तुमची व्हय, काका? आरं तिच्या! हापिसात कोन होतं वाचायला! ती मैदानावर यायची, मंग आमी बशीत न्यायचो. लांबचा प्रवास असला की सगळी पोरं म्हनायची, काकांचं पत्र काढा. परदेशी गड्यांना बी आमी हिंदीतनं, विंग्रजीतनं सांगायचो. हरून येताना लई आधार व्हायचा."

"मालकांनी नाही वाचली?" साडूंचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मालक कोन, त्ये आमाला तरी कुटं ठावं हाय?"

"ते सफारीवाले… सोफ्यावरचे…"

"त्यो व्हय? त्यो मांडववाला. सोफा त्येचाच. दुसऱ्यानं बसून घान करू नये म्हनून सोताच बसायचा."

शफीभाईंनी तोंडावर रुमाल धरला. साडू ओट्यावर बसले. पाच हंगाम त्यांनी एका मांडववाल्याच्या टाळ्या मोजल्या होत्या. स्थळप्रतीची घडी घालत त्यांनी विचारलं, "मग आपल्याला विकलं कुणी?"

"कुनीबी न्हाई. क्लब बंदच व्हनार हाय, काका. आमाला आदीच सांगितलं, आपापलं बघा. म्या बघितलं." मग तो आत गेला आणि हातमोज्यांच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद घेऊन आला. साडूंचंच शेवटचं पत्र होतं ते. "ह्ये म्याच वाचलं बशीत, मोठ्यानं. पोरं हसली. पन ह्ये खालचं वाचलं न् समदी गप झाली. म्हनून ठिवलंय." त्याने सुपाएवढ्या पंजाचं बोट ठेवलं तिथे मी वाकून पाहिलं : 'सदर ठराव मांडताना सूचकास अत्यंत वाईट वाटत आहे, याची इतिवृत्तात नोंद घ्यावी.'

परतीच्या बसमध्ये साडू खिडकीतून बाहेर बघत होते. हडपसर आलं तेव्हा ते कुणाकडेच न बघता म्हणाले, "म्हणजे वाचून कायम झालं." शफीभाई म्हणाले, "झालं, साहेब." मला डोळे पुसायला रुमाल सापडेना.

क्लब त्या वर्षी गेला. कुठे गेला, म्हणजे नेमकं काय गेलं, हे मला अजूनही कळलेलं नाही. मैदान तिथेच आहे. रविवारी तिथे आसपासची मंडळी खेळतात आणि आम्ही तिघं कधीमधी जाऊन पायरीवर बसतो. मांडव नाही, सोफा नाही. पहिल्या दिवशी साडू कावरेबावरे होऊन म्हणाले, "आता बघायचं कुठे?" शफीभाई म्हणाले, "चेंडूकडे, साहेब." हल्ली ते चेंडूकडे बघतात, आणि शिट्टी का वाजली हे दर शिट्टीला विचारतात. शफीभाई न कंटाळता सांगतात. तरी मधूनच साडूंची मान समोरच्या रिकाम्या कोपऱ्याकडे वळते, आणि मी दुसरीकडे बघतो.

सभा मात्र चालू आहे. दुसरा शनिवार, सहा वाजता, तहकुबी, मग अर्ध्या तासाने पुन्हा. पत्रही जातं, पण आता गोलकीपरच्या नव्या क्लबाच्या पत्त्यावर, त्याच्या नावाने. परवा ते पत्र पेटीत टाकायला साडूंनी माझ्याकडे दिलं. पाकिटाच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे पूर्वी 'तातडीचे' असं असायचं, तिथे लाल शाईने लिहून खाली रेघ मारली होती : 'बसमध्ये वाचण्यास हरकत नाही.'