बोलण्याआधीचं थांबणं

वाचा-उपचाराच्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष मी नवीन जालन्यातल्या एका छोट्या केंद्रात काढलं. भोकरदनकडच्या खेड्यातून एक आई तिच्या तीन वर्षांच्या मुलीला घेऊन दर आठवड्याला एसटीने तिथे यायची. मुलीला ऐकू चांगलं यायचं, पण तोंडातून शब्द निघत नव्हता.

"तिला समदं कळतंय ताई," आई म्हणायची, "फक्त बोलून न्हाई राह्यली."

मी चित्रांची कार्डं दाखवायचे. सफरचंद, विमान, हत्ती. मुलगी ती पालथी घालून खिडकीबाहेर बघत बसायची. महिना असाच गेला. शेवटी आमच्या मॅडम म्हणाल्या, "आठवड्यात पाऊण तास ती तुझ्याजवळ असते. बाकीचा वेळ कुणाजवळ? जा, घर बघून ये. आणि कार्डं इथेच ठेव."

मी गेले तेव्हा आई अंगणात शेळीला सुबाभळीचा पाला घालत होती. मुलगी शेजारी उकिडवी बसलेली. प्रत्येक डहाळी देताना आई सहज म्हणे, "घे." मी तिच्याजवळ बसून तिला सांगितलं, आणखी चार-पाचदा असंच म्हणा, मग डहाळी हातातच धरा आणि गप्प राहून मुलीकडे बघा. हे मी पुस्तकात वाचलं होतं. करून कधी पाहिलं नव्हतं.

"मंग किती वेळ थांबू?"

"मनात दहापर्यंत मोजा."

तिने डहाळी वर धरली. शेळी मान ताणून ओरडायला लागली. मुलगी एकदा शेळीकडे बघे, एकदा आईकडे. माझे दहा मोजून झाले, वीस झाले. मला राहवेना. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने दुसऱ्या हाताने माझा गुडघा दाबला. तिची नजर मुलीवरून हलली नव्हती. असं थांबणारं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं.

"घे," मुलगी म्हणाली. आईला नाही, मला नाही. शेळीला.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आईने मात्र ती डहाळी मुलीच्या हातात दिली आणि लगेच दुसरी उचलली. तिचे डोळे भरले होते.

"बोलू नका ताई," ती हळूच म्हणाली, "अजून पाला हाय."

उन्हाळ्यापर्यंत मुलगी 'पाणी', 'चल', 'दादा' म्हणायला लागली. एकदा केंद्रात लेकराला घेऊन नव्याने आलेल्या एका बाईला या मुलीची आई समजावत होती, "तुम्ही पहिले बोलू नका. लेकराची पाळी येऊ द्या, बराबर येते."

मी मागे उभी राहून ते वहीत उतरवून घेतलं.