पालथा हात

यशवंतनाना गेल्याचा फोन त्यांच्या सुनेने केला, तेव्हा मी चटणीसाठी मिक्सर लावला होता आणि माझा हात त्याच्या अंगावर होता. पालथा. फोन खाली ठेवल्यावर ते माझ्या लक्षात आलं. ही सवय मला नानांची लागलेली. त्याला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली.

नाना एरंडोलच्या बसस्टँडमागे मोटारी भरायचे. म्हणजे शेतातल्या विहिरीवरच्या मोटारी जळाल्या की त्यांतली जुनी तांब्याची तार काढून नवी गुंडाळून द्यायचे. माझं त्यांचं नातं काही नाही. नव्वदीच्या दशकात मी जळगावहून रोज एस.टी.ने एरंडोलला एका सहकारी जिनिंगमध्ये नोकरीला जात असे. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्याला वजनाची पावती देणं हे माझं काम. हंगामात फाटकापासून सडकेपर्यंत बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उन्हात उभे असत. पावत्या हाताने लिहून उरक होत नव्हता, म्हणून मी चेअरमन आबांच्या मागे लागून कॉम्प्युटर आणवला. संचालक मंडळ विरोधात होतं. मीच छातीठोकपणे सांगितलं होतं की जबाबदारी माझी.

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत त्याने छान काम केलं. ऊन तापायला लागलं तसं मात्र त्याचं तंत्र बिघडलं. दुपारी दीड-दोनच्या सुमाराला, वजन टाइप करता करता, पडदा एकदम काळा व्हायचा आणि जणू आताच सकाळ झाली अशा थाटात कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. टाइप केलेल्या पावत्या गेलेल्या. खिडकीबाहेरचा माणूस विचारायचा, "ताई, मना कापूस कोठे गया?" आणि मागची रांग हसायची. नाशिकहून इंजिनिअर आला, दोनदा. पहिल्या वेळी म्हणाला विजेचा दाब कमी-जास्त होतो, म्हणून स्टॅबिलायझर बसवला. दुसऱ्या वेळी म्हणाला व्हायरस असेल. गंमत अशी की तो समोर असेपर्यंत कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. डॉक्टर दारात आला की पोराचा ताप उतरतो, तसं. शेवटी आबांनी एका सोमवारी मला बोलावून सांगितलं, शनिवारपर्यंत हे खोकं सरळ चाललं तर ठेवू, नाहीतर परत पाठवू आणि तुम्ही पावतीबुकं काढा. आवाज चढवला नाही. आबा आवाज चढवत नसत, म्हणून तर भीती वाटायची.

त्याच दुपारी नाना जिनिंगची एक मोटार पोचवायला आले होते. त्यांना कोणीतरी चेष्टेने सांगितलं, आमच्याकडे एक मशीन आहे, त्याला फिट येते. नाना सरळ माझ्या खोलीच्या दारात. धोतर, टोपी, नखांत काळं वार्निश. कॉम्प्युटर त्यांनी तोवर पाहिलेला नव्हता आणि ते कबूल करायला त्यांना काही वाटलं नाही. पाहुणे आले म्हणून मी कॉम्प्युटरचं कव्हर काढून घडी करून बाजूला ठेवलं. त्यांनी भोवती एक चक्कर मारली, खाली वाकून मागच्या जाळीतून आत पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, "काय व्हयनं रे भो तुले? कोठे दुखस?" माणसांशी ते पुस्तकी मराठीत बोलायचा प्रयत्न करत, यंत्रांशी मात्र नेहमी अहिराणीत. मग त्यांनी हात पालथा करून पत्र्याला लावला. मी विचारलं, पालथा का? म्हणाले, "वीज उतरलेली असली तर मुठी आवळतात. तळहात लावला तर धरून बसतो माणूस. पालथा लावला तर हात आपोआप सुटतो." एवढी वर्षं मी विजेच्या वस्तू हाताळत होते आणि मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

माझ्याकडून बटण बंद करवून, वायर काढवून त्यांनी पेटी उघडली. आतल्या पंख्यावर कापसाच्या तंतूंची नमद्यासारखी जाड पट्टी बसली होती. जिनिंगमध्ये तंतू हवेतच असतात, श्वासातही जातात. नानांनी पेंटिंगच्या ब्रशने ती सगळी काढली. बरंच काहीबाही त्या कव्हरवर उडालं, म्हणून मी ते धुवायला घरी नेलं. मंगळवार, बुधवार कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. मी आबांना सांगून टाकलं, झालं काम. गुरुवारी दुपारी दीडला तो पुन्हा बंद पडला. दोन तासांत तीनदा...

मी चिडून नानांच्या दुकानी गेले. वाटलं, ते काहीतरी सबब सांगतील. तसं काही झालं नाही. उलट त्यांचे डोळे चमकले. हातातली तार बाजूला ठेवून म्हणाले, म्हणजे दुखणी दोन होती, एक गेलं. मग एक वही मागवून घेतली आणि रेघा मारायला लावल्या. दर अर्ध्या तासाला पालथा हात मागच्या जाळीला लावायचा आणि आकडे मोजायचे. दहापर्यंत हात सुखाने टिकला तर ठीक, पाचावर काढावा लागला तर तापलंय. शेजारच्या रकान्यात त्या वेळी खोलीत काय बदललं ते लिहायचं. अगदी खुर्ची सरकवली तरी.

शुक्रवारी मी तसं केलं. नऊला दहा, अकराला आठ, एकला पाच, दीडला तीन, आणि लगेच पडदा काळा. खिडकीतून शेतकरी पाहत होते, बाई पेटीचा ताप बघताहेत. शनिवारी सकाळी नाना आले, वही पाहिली आणि आठवड्याचा प्रत्येक दिवस मला तोंडाने सांगायला लावला. "बुधवारी का नाही पडलं? ऊन तेवढंच होतं."

मी म्हणाले, पंखा नुकताच साफ केला होता.

"पंखा कालही साफच होता. बुधवारी या खोलीत काय नव्हतं?"

मी खोलीभर नजर फिरवली. टेबल, स्टॅबिलायझर, कॅलेंडर. मग कॉम्प्युटरकडे. बुधवारी कव्हर माझ्या घरी दोरीवर वाळत होतं, गुरुवारी सकाळी मी ते परत घातलं होतं. इंजिनिअर आला तेव्हाही मी ते काढून ठेवलं होतं, दोन्ही वेळा.

ते कव्हर मीच शिवलं होतं. दुहेरी मांजरपाट, कडेला निळी झालर. आमच्याकडे रेडिओपासून शिलाई मशीनपर्यंत किमती वस्तू उघडी ठेवायची रीत नव्हती. वस्तूची कदर म्हणजे तिला कव्हर. कव्हरची पुढची बाजू वर उलटायची आणि काम करायचं. मागची जाळी मात्र दिवसभर कापडाखाली. आतली गरम हवा बाहेर पडायला जागाच नव्हती.

मी काही बोलायच्या आत नाना म्हणाले, "लिहा वहीत." मी लिहिलं. कव्हर काढलं, दुपारी तीनपर्यंत काम केलं, हात दहापर्यंत टिकला. आबा आले तेव्हा नानांनी एवढंच सांगितलं की मशीनला हवा लागत नव्हती, आता लागते. माझं नाव घेतलं नाही. आबांनी समाधानाने मान हलवली आणि ते वळले. तिथे मी गप्प राहू शकत होते. पण वही समोर उघडी होती, आणि तिच्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मी आबांना थांबवून सांगितलं, कव्हर माझं होतं.

आबा खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "म्हणजे चैतात गोधडी पांघरून कामाला लावलं होतं बिचाऱ्याला." कॉम्प्युटर राहिला. मीही राहिले. पुढचे दोन हंगाम फाटकावरून आत शिरणारा प्रत्येक ओळखीचा माणूस विचारायचा, ताई, गोधडी काढी का?

नंतर मी धुळ्याला आले. नानांकडे वर्षातून एखादी चक्कर व्हायची. दर वेळी ते नव्या वस्तूंबद्दल विचारत. मोबाइल खिशात गरम का होतो, गाडीतला कॉम्प्युटर कुठे बसवलेला असतो. मला उत्तर आलं नाही तर त्यांना जास्त आनंद व्हायचा.

दशक्रियेनंतर आठवड्याने मी एरंडोलला गेले. सुनेने दुकान उघडून दाखवलं. सगळं स्वच्छ झाडलेलं, हत्यारं ओळीने लावलेली. त्यांच्या कामाच्या टेबलावर नवी पांढरी चादर अंथरलेली होती, कडा खालपर्यंत सोडलेल्या. नानांचं टेबल, उघडं बरं दिसत नाही, ती म्हणाली. चादरीखालून बारीक गुणगुण येत होती. घराचा इन्व्हर्टर तिथेच, टेबलाखालच्या फळीवर होता.

मी चादरीखाली हात घातला आणि पालथा लावून मोजायला लागले. चारावर काढावा लागला.

चादर काढली, चौघडी केली आणि सुनेच्या हातात दिली. ती काही विचारणार होती, पण मी तिचाच हात धरून पालथा केला, इन्व्हर्टरला लावला आणि म्हटलं, मोज.