अर्ध्यावर थांबवलेलं पापनिवेदन

आमच्या शहापूरच्या चर्चमध्ये फादरांच्या जोडीने ख्रिस्तप्रसाद वाटायला मी पहिल्यांदा उभी राहिले त्या रविवारी माझ्या रांगेत एकच बाई होती. बाकी सगळे फादरांच्या रांगेत. चुकून माझ्यासमोर आलेले दोघे पुरुष माझ्याकडे बघून खाली मान घालून पलीकडे सरकले. पुरुषांचं एक सोडा, बायकाही सरकल्या. माझ्यासमोर उरली ती डोळखांबच्या पुढच्या एका पाड्यावरची म्हातारी. तिने तळवा पुढे केला आणि इतक्या मोठ्याने ‘आमेन’ म्हटलं की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. पुढच्या रविवारी माझ्या रांगेत सहा जण होते.

मी तिला मावशी म्हणायची. त्या पाड्यावर कॅथलिक घरं पाच. शहापूर फादरांकडे आणि मुरबाडच्या बाजूच्या वस्त्याही त्यांच्याकडेच, त्यामुळे पाड्यावर त्यांचा फेरा महिन्यातून एकदा. बाकीचे रविवार मावशीच्या ओसरीवर साजरे व्हायचे. तिला अक्षरओळख नव्हती, पण जपमाळ आणि भजनं तोंडपाठ होती. कुणाच्या पोराचा बाप्तिस्मा राहिलाय, कोण दोन महिने मिस्साच्या उपासनेला आलं नाही, हे फादरांना तीच सांगायची. मी शाळामास्तरीण, मला ख्रिस्तप्रसाद वाटायचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र होतं. मावशीला काहीच नव्हतं आणि पाडा तिच्याच शब्दावर चालायचा.

आमच्या घरी मला ‘अर्ध्या फादर’ म्हणायचे. नवऱ्याची थट्टा होती ती, आणि मला ती आवडायची, खोटं कशाला बोलू? पण त्यामुळेच मी फार जपून असायची. कुणाला बोट ठेवायला जागा मिळता कामा नये. प्रशिक्षणाच्या वहीत मी लाल शाईने लिहून ठेवलं होतं: आजाऱ्याला पवित्र तेल लावायचं नाही, पापांची क्षमा द्यायची नाही, पापनिवेदन ऐकायचं नाही. त्यातलं शेवटचं वाक्य शिकवणाऱ्यांनी सांगितलं होतं की माझ्याच पदरचं होतं, ते आता आठवत नाही. वही शोधायची मला हिंमत होत नाही.

भातकापणीच्या दिवसांत दुपारी निरोप आला, मावशीचं काही खरं नाही. फादर मुरबाडकडे लग्नाच्या मिस्साला गेलेले. फोनवर म्हणाले, “मी उद्या पहाटेच निघतो. तुम्ही ख्रिस्तप्रसाद घेऊन आज पुढे व्हा.” मी ख्रिस्तप्रसादाची डबी गळ्यात घातली आणि नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसले. तो पाड्याच्या तोंडाशी थांबला.

मावशी आतल्या खोलीत गोधडीवर पडली होती. शरीराची अगदी काडी झालेली. उशाशी तिची सून बसून होती. मुलगा कामासाठी बाहेरगावी, त्यामुळे कापणीही तिच्यावर आणि सासूही तिच्यावर. मला बघताच ती उठली, “बसा बाई,” म्हणाली आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. पुण्याचं काम चालताना आपण मध्ये असू नये, असं तिला वाटलं असणार.

“फादर नाय आला?” मावशीने विचारलं.

“उद्या सकाळी येतायत.”

“उंद्यापरत मी नाय गो.” ती बराच वेळ धापा टाकत राहिली. मग माझं मनगट धरून म्हणाली, “तूच ऐक. सुनेला पयलं पोर झालं ना, तवा मी...”

मी दोन बोटं तिच्या ओठांवर ठेवली. वर्गात बडबडणाऱ्या मुलांना गप्प करायची माझी ती जुनी सवय. “मावशी, थांबा. मला ऐकायचा अधिकार नाही. हे फादरांनाच सांगा.”

माझ्या बोटांखाली तिचे ओठ आणखी थोडे हलले आणि थांबले. तिने माझं मनगट सोडलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त “बरं” म्हणाली.

मी प्रार्थना म्हटली, डबी उघडली. तिने तोंड फिरवलं. “नको. पाप न सांगताच कसा घेऊ?”

मी दोनदा विनवलं. मग डबी बंद केली आणि ख्रिस्तप्रसाद तसाच शहापूरला परत आणला.

मावशी उजाडण्याआधी गेली. फादर पोचले तेव्हा सून तिला आंघोळ घालत होती.

ख्रिस्तप्रसाद परत का आला, हे फादरांना सांगणं भागच होतं. वाटलं, शाबासकी देतील. ते तरुण आहेत, माझ्या मुलापेक्षाही लहान. म्हणाले, “क्षमा देता येत नाही, बाई. पण मरणाऱ्या माणसाचं ऐकायला तुम्हाला कोणी मनाई केली होती?”

तेव्हापासून ते अर्धं वाक्य माझ्या घरात राहायला आलंय. तांदूळ धुताना, कपड्यांच्या घड्या घालताना, मिस्सा ऐन भरात असताना ऐकू येतं, ‘तवा मी...’ आणि पुढे काहीच नाही. मी ते नाना तऱ्हांनी पूर्ण करून बघते. सुनेचं पहिलं पोर आठव्या दिवशी गेलं होतं, एवढं मला नंतर कळलं. त्यापुढे जायला माझं मन धजत नाही. दोन बोटांच्या टोकांना अजून ते ओठ हलल्यासारखे लागतात आणि मी हात पदराला पुसते.

मावशीला जाऊन महिना झाला, तिच्या नावाच्या मिस्सानंतर सून चर्चच्या आवारात माझ्याजवळ आली. मी वाट काढून निघणारच होते.

“बाई, तिनं तुमच्याकडं मन मोकळं केलं ना? काय बोलली ते नाय इचारत मी. तुमाला सांगता येत नाय, म्हायती हाय मला. एवढंच सांगा, केलं ना?”

माझ्या गप्प बसण्याला ती पवित्र गुपित समजत होती आणि माझ्याजवळ तर लपवायलाच काही नव्हतं. तिच्या हातावर कापणीच्या जखमा होत्या. मी मान हलवली. हो.

ती पायरीवर बसली. रडली, मग डोळे पुसून उठली. “मला ठावं होतं तिनं काय केलं ते. इतकी वर्सं एका चुलीवर जेवलो, पण एका शब्दानं बोलली नाय. वाटायचं, मेली तरी माफ नाय करायची हिला. पण देवापुढं कबूल केलं ना? मंग झालं. आज मी माफ केलं तिला.”

मी अजून दर महिन्याला पापनिवेदनाला जाते. लहानसहान सगळं सांगते, नवऱ्यावर ओरडले, प्रार्थना चुकवली. सुनेपुढे मान हलवल्याचं मात्र सांगितलेलं नाही. फादर काय प्रायश्चित्त देतील ते मला ठाऊक आहे. ते म्हणतील, पाड्यावर जा आणि तिला खरं सांगा.