नाव तेच, आकडा नवा

ऑफिसात त्यांना सगळे कोर्वाबाई म्हणत. कोर्वा म्हणजे प्रोग्राम लिहायची एक तयार चौकट. खांब-तुळया कंपनीने उभारून द्यायच्या, भिंती आपण बांधायच्या. बाई नोकरीला लागल्या तेव्हा कोर्वा नुकती आली होती आणि त्यांनी त्यात एका हॉस्पिटलच्या औषधभांडाराचा प्रोग्राम लिहिला. तो अजून बिनतक्रार चालत होता.

मग कोर्वावाल्यांना हुक्की आली. त्यांनी सगळं नव्याने लिहिलं आणि त्याला कोर्वा निओ म्हटलं. तोवर ठीक होतं, निदान दोन्ही वेगळ्या आहेत हे कळत तरी होतं. पुढे त्यांना 'निओ'ही जड झालं. ते गाळून नवीलाच नुसतं कोर्वा म्हणायला लागले, वर पुढचा आकडा चिकटवला आणि जुनीच्या माथी 'क्लासिक' मारलं. म्हणजे मूल दुसरंच आणि बारसं पहिल्याच्या नावाने. बाईंना त्या शहाण्यांचा इतका राग यायचा की नाव ऐकलं तरी कपाळ दुखायचं, आणि त्या नावाने तर त्यांना दिवसभर हाका मारत.

साहेब बाईंपेक्षा वयाने लहान आणि उत्साहाने अफाट. हॉस्पिटलचा फोन आला आणि पुरतं ऐकून न घेताच, नवी कोर्वा हवी असं धरून, त्यांनी शुक्रवारी देतो म्हणून सांगूनही टाकलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"सर, सगळं परत लिहावं लागेल. महिने जातील," बाई म्हणाल्या.

"का? नाव तेच आहे ना? नुसता आकडा वाढलाय."

"नाव तेच आहे. आत काहीही तेच नाही."

"तुम्हाला ना, बदलच नको असतो. आणि गुरुवारची रजा आता नाही जमणार."

गुरुवारी बाईंच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. एक डोळा आधीच गेलेला, उरलेल्याचं ऑपरेशन, म्हणून म्हातारी पार धास्तावली होती. "तू जवळ असलीस तरच मी जाईन," असं म्हणून तिने बाईंकडून वचन घेतलं होतं. बाईंनी ते सगळं साहेबांना सांगितलं.

"मग मी भांडाराच्या लोकांशी बोलून मुदत वाढवून घेते," त्या शेवटी म्हणाल्या.

"क्लायंटशी मी बोलतो. तुम्ही नाही."

नोकरी सोडायचं वय नव्हतं आणि दुसरी मिळायचंही राहिलं नव्हतं. जाहिरातीत सगळ्यांना कोर्वा येणारी माणसं हवी होती, म्हणजे ती दुसरी कोर्वा. शेजारच्या काकू आईबरोबर जायला तयार झाल्या आणि आई नाइलाजाने त्यांच्याबरोबर गेली. बाई गुरुवारभर पडद्यासमोर बसल्या. जुना प्रोग्राम नव्या चौकटीत घातला की लाल ओळींचा पूर यायचा. एक चूक निस्तरली की तिच्या पोटातून चार निघायच्या. मधूनच साहेब डोकावून "झालं का?" विचारायचे आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शुक्रवारी भांडाराचे प्रमुख आले. साहेबांनी थोडा उशीर होईल म्हणून बरीच प्रस्तावना केली. प्रमुख गोंधळले.

"नवीन कशाला? आमचं उत्तम चाललंय. पडद्यावर खाली ते जुन्या आकड्याचं नाव दिसतं ना, तपासणीला आलेले सारखे त्यावरच विचारतात. तेवढी ओळ काढा, एवढंच म्हटलं होतं मी."

बाईंनी त्यांच्यासमोरच ती ओळ काढली. चहा यायच्या आत झालं. साहेब हसून म्हणाले, "बघा, म्हणत होतो ना, सोपं आहे." बाईंनी पर्स उचलली आणि कुणाला न विचारता बाहेर पडल्या.

घरी आई पलंगावर बसून होती. पट्टी सकाळीच निघाली होती. तिने बाईंकडे बराच वेळ पाहिलं, केसांकडे, मग चेहऱ्याकडे.

"दिसतंय का गं नीट?" बाईंनी विचारलं.

"दिसतंय," आई म्हणाली. "पट्टी काढली तेव्हा समोर काकू होत्या. चांगल्या आहेत बिचाऱ्या. पण मी तुला शोधत होते."