प्रेक्षकाला इनाम

सन दोन हजार चोवीस, चैत्र महिना. मला एकोणऐंशीवं वर्ष लागलं होतं, आणि ताक, तेल, हळद, लिंबू पिऊन मऊ झालेल्या तांबड्या मातीचा वास उन्हात हळूहळू वर येत होता. कुस्तीच्या मैदानाचा तो वास एकदा ज्याच्या नाकात बसला, त्याला अत्तराचं काय कौतुक? ओल्या भुईचा म्हणावा तर तसा नाही, स्वयंपाकघराचा म्हणावा तर तसाही नाही. अंगात शिरून म्हाताऱ्याचेही दंड फुरफुरायला लावणारा असा तो वास. विट्याजवळच्या आमच्या गावात जत्रेचं मैदान गेली एकतीस वर्षं मी बांधतो. ढेकूळ हातानं फोडतो, खडा न् खडा वेचतो. चौथी शिकलेला माणूस मी. पण कुणाची कुस्ती कुणाशी धरायची, याबाबत पंचक्रोशीत माझ्या शब्दापुढं कुणी शब्द टाकलेला नाही. शेवटच्या मोठ्या कुस्तीला आत पंच एकटाच, ही आमच्या गावची रीत, आणि तो पंच मी.

गड्या, तुला आधीचं मैदान सांगतो, म्हणजे माझ्या काळजाला काय लागलं ते कळेल. ओढ्याकाठची उतरण हेच आमचं स्टेडियम. माणसं फडक्यात भाकरी-ठेचा बांधून सहा-सहा कोस चालत यायची. तिकीट नव्हतं, मांडव नव्हता, बसायला ज्याचं त्याचं पायताण. आणि नवल असं की पैसेही येणाराच द्यायचा. जिंकलेला पैलवान हात जोडून कडेनं फिरायचा आणि ज्याच्या कनवटीला जे असेल ते त्याच्या ओंजळीत पडायचं. कुणाची अधेली, कुणाचा रुपया. एका म्हाताऱ्याजवळ काहीच नव्हतं, तर त्यानं चंचीतली अखंड सुपारी दिली, आणि पैलवानानं ती कपाळाला लावली. त्या ओंजळीवर त्याचं महिनाभराचं दूध-बदाम भागायचं. म्हणजे मैदानाचा सगळा व्यवहार बघणाऱ्याच्या डोळ्यांवर उभा. डोळे भरले की हात आपोआप सुटायचा. याहून सरळ अर्थशास्त्र कुठल्या कॉलेजात शिकवतात?

पण मागली काही वर्षं ती उतरण उघडी पडत चालली होती. कुस्ती आता घरी पंख्याखाली फोनवर दिसते. डाव नजरेतून सुटला तर बोटानं मागं नेता येतो. मग पाठ भाजून घ्यायला कोण येणार? जत्रा कमिटीचा अध्यक्ष विलास, माझ्या तालमीतल्या जुन्या जोडीदाराचा मुलगा. त्याचं कोइमतूरला गलाईचं, म्हणजे सोनं गाळायचं दुकान. वर्षातून एकदा जत्रेला येतो, एका कानाला तमिळ फोन आणि दुसऱ्या कानाला आम्ही. वाईट माणूस नाही तो. त्यानं सभेत समजावून सांगितलं, की नामांकित पैलवानाला मोठं इनाम लागतं, इनामाला जाहिरातदार लागतो, आणि जाहिरातदाराला डोकी लागतात. डोकी आणायची तर डोक्यांना काहीतरी द्यायला हवं. म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला एक कूपन, आणि शेवटच्या कुस्तीनंतर सोडत. ज्याचा नंबर लागेल त्याला मोटरसायकल.

मी उठून उभा राहिलो. कुस्ती बघायला माणसाला लालूच? देवाच्या दारात यायला कुणी भाडं मागतो का? विलास हसत म्हणाला, "आबा, सोनं बी आच दिल्याबिगर हलत न्हाई. ही तर माणसं हायती."

मी म्हणालो, "मी लावलेली जोड बघाय माणूस पायाला फोड आलं तरी येतो. तुझ्या गाडीकडं मी ढुंकून बगणार न्हाई."

सभेत हसू पिकलं. मी मात्र कामाला लागलो. भर उन्हात तीन एसट्या बदलून लोणंदला गेलो आणि तिथला विक्रम पाहिला. उंच, लांब हाताचा, घोरपडीसारखा चिकट. मग कवठे महांकाळकडं जाऊन महादेव पाहिला. बाप अजून मेंढरं राखतो, घरात पैलवानकीचं वारं नाही, पण मान अशी की दोन्ही हातांत मावू नये. त्याचा बाप मला बाजूला घेऊन म्हणाला, की खुराकापायी निम्मी मेंढरं गेली. ही कुस्ती निकाली मारली तर पुरं इनाम हाती येईल आणि मोठ्या मैदानांची बोलावणी येतील, न्हाईतर पोराला उन्हाळ्यानंतर लंगोट खुंटीला लावावा लागेल. मी त्याला शब्द दिला, की माझ्या मैदानात मनगटाला न्याय मिळतो. शब्द द्यायला आपल्याला काय लागतं! जीभ नुसती उचलायची.

जत्रेच्या दिवशी मैदानावर पाऊल ठेवलं आणि माझी छाती भरून आली. उतरण दिसेनाशी झाली होती. पलीकडचा बांध, ट्रॉल्या, पाण्याची टाकी, जिथं पाय ठरेल तिथं माणूस. मी मनात म्हटलं, बघ विलास, ही माझ्या जोडीची किमया. दारातल्या माणसानं सगळ्यांसारखं एक कूपन माझ्याही हातात कोंबलं. फेकून देणार होतो, पण हात मातीचे होते, गडबड होती. ते सदऱ्याच्या खिशात गेलं. आत मातीशेजारी उंच चौथऱ्यावर हार घातलेली लाल मोटरसायकल उभी होती. मी तिच्याकडं पाठ केली.

दिवस कलला. हलगी कडाडली आणि शेवटची जोड सलामीला आली. काय कुस्ती ती! पहिली पाच-सात मिनिटं नुसती खडाखडी, हाताचा अंदाज, पायाचा अंदाज. मग विक्रमनं पट काढला, महादेव त्यातून निसटला. मग महादेवनं कब्जा घेतला, तो विक्रमनं झाडून टाकला. दोघांच्या अंगावरचा घाम आणि माती एक होऊन त्यांच्या पाठी ओल्या विटेसारख्या दिसत होत्या. अशा वेळी पूर्वी मैदानाला एक शांतता यायची. हजार माणसं एकच श्वास धरून बसायची, आणि पैलवानाला तो धरलेला श्वास पाठीवर हातासारखा लागायचा. त्या दिवशी मी त्या शांततेची वाट पाहत होतो.

तेवढ्यात, कुस्ती सुटायच्या आधीच, कर्ण्यातून आवाज आला. मंडळी, सोडतीची वेळ झाली, आपापली कूपनं हातात घ्या.

एकदम हजारो कागद फडफडल्याचा आवाज झाला, ज्वारीच्या ताटांतून वारं गेल्यासारखा. आणि गड्या, तुला खरं सांगतो, माझा हात खिशात गेला. मी घातला नाही, तो गेला. मला गाडी चालवता येत नाही. घरात कुणी मागितलेली नाही. तरी मी ते कूपन काढलं, उजेडाकडं धरलं आणि आकडा वाचला. चष्मा नव्हता, म्हणून दोनदा वाचला.

धप्प असा आवाज झाला. मान वर केली तेव्हा महादेव दोन्ही हात वर करून उभा होता आणि विक्रम गुडघ्यावर. ढाकेचा डाव लागला असावा. पाठ टेकली का? विक्रमच्या पाठीला माती होती, पण माती तर दोघांच्याही अंगभर. मी कडेच्या माणसांकडं पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली. फोनवर मैदान दाखवणारा कॅमेरावाला, त्यानं कॅमेरा गाडीकडं वळवला होता. एवढ्या दाटीत ती पाठ पाहिलेला एकही डोळा नव्हता! उघडी असताना ती उतरण एवढी ओसाड मला कधी दिसली नव्हती.

महादेव जवळ आला. धाप लागलेली, डोळ्यांत हसू. म्हणाला, "आबा, बगितलंसा न्हवं?"

"बगितलं," मी म्हणालो. "पाठ पुरती न्हाई लागली. बरोबरीत सोडवली."

एकतीस वर्षांची पंचगिरी, आणि मी न बघता निकाल दिला. बघितलं नाही, एवढे दोन शब्द म्हणायला मला लाज वाटली. खोटं बोलायला वाटली नाही. महादेवच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं. तो वाद घालू शकत होता. घातला नाही, पंचाचा शब्द म्हणून त्यानं माझ्या पायाला हात लावला आणि निम्मं इनाम घेऊन निघून गेला. ओंजळ धरून कडेनं फिरला नाही. फिरला असता तरी तिच्यात कुणाचा हात सुटला असता? पूर्वी बघणारा इनाम द्यायचा. आता बघणाऱ्यालाच इनाम द्यावं लागतं, आणि ते घेण्याच्या घाईत तो बघत नाही. हे मी दुसऱ्यांविषयी म्हणत असतो तर बरं झालं असतं.

थोड्या वेळानं विक्रम निरोप घ्यायला आला. वाकून कानाशी म्हणाला, "आबा, पाठ लागली हुती माझी. चांगलं दोन्ही खांदं टेकलं. पर तुमी सोडवली म्हंजी सोडवली." हरलेल्यानं हे सांगावं आणि पंचानं ऐकावं! माझे कान तापले. तसाच काठी टेकत विलासकडं गेलो. निकालात चूक झालीय, कर्ण्यावरून सांगून टाक, एवढंच बोललो; चूक कुणाची ते गिळलं. गाडी एका परगावच्या माणसाला लागली होती, गुलाल उधळत होता, जाहिरातदार विलासचे हात हातात घेऊन पुढच्या वर्षी ट्रॅक्टर ठेवायची भाषा करत होते. विलासनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि अगदी मायेनं म्हणाला, "जाऊ द्या वो आबा. मघापास्नं किती फोन आलं, गाडी कुणाला लागली म्हणून. कुस्ती कुणी मारली, एकानं बी इचारलं न्हाई."

मी खुर्चीत बसून राहिलो. पाण्याचा तांब्या हातात तसाच. राग यायला हवा होता, पण रागावण्याचा हक्क मी मघाशीच, उजेडाकडं कागद धरून, दोनदा वाचून घालवला होता. माणसाचं शील कशानं विकलं जातं? मी समजत होतो, मोठी किंमत पडत असेल. फुकट मिळालेल्या कागदाच्या चिटोऱ्याला ते गेलं, तेसुद्धा नंबर न लागलेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं निघालो, कवठे महांकाळला उतरलो आणि विचारत विचारत महादेवच्या तालमीत गेलो. तो जोर मारत होता. त्याचा बाप भिंतीशी बसला होता, आणि गावचे दहा-बारा पैलवान सभोवती होते. चपला बाहेर काढल्या, आत मातीत उतरलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "महादेवा, कुस्ती तू मारलीस. मी बगितलीच न्हाई."